४२ अधिक ३८

फुटबॉलच्या नोंदवहीत एका खेळाडूच्या नावापुढे बहुधा एकच देश असतो. लुबोमीर मोरावचिक या नावापुढे दोन ओळी आहेत. चेकोस्लोवाकियाकडून ४२ सामने, ६ गोल. स्लोवाकियाकडून ३८ सामने, ६ गोल. हा गृहस्थ घर सोडून दुसऱ्या देशाचा नागरिक झाला असं काही नाही. त्याचं गाव जिथे होतं तिथेच राहिलं. देशच बदलला.

ते गाव म्हणजे नित्रा. स्लोवाकियातलं फार जुनं शहर. नवव्या शतकात तिथे प्रिबिना नावाचा राजा होता, आणि स्लोवाक माणूस आपला इतिहास सांगायला बसला की सुरुवात बहुधा नित्रापासून करतो. मोरावचिकचा जन्म इथला, २२ जून १९६५ चा. विसाव्या शतकातल्या नित्राची एक ओळख प्लास्टिकच्या कारखान्याचीही होती, आणि शहराच्या फुटबॉल क्लबला त्या कारखान्याचंच नाव होतं, ‘प्लास्टिका नित्रा’. कम्युनिस्ट राजवटीत ही रीतच होती. कारखाना, खाण, पोलीस, लष्कर यांचे संघ. आपल्याकडे मुंबईत गिरण्यांचे, रेल्वेचे, बँकांचे संघ होते, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटू नये. फरक एवढाच, की आपला खेळाडू नोकरी सोडून कुठेही जाऊ शके. तिथल्या खेळाडूला सरहद्द ओलांडायला सरकारची परवानगी लागे, आणि ती मिळायची तर पायातली ताकद ओसरायला लागल्यावर. तिशी ओलांडा, देशासाठी पुरेसे सामने खेळा, मग बघू, असा एकूण मामला. ज्यांना थांबणं जमलं नाही ते पळाले. प्रागच्या स्लाविया क्लबचे लुबोश कुबीक आणि इवो क्नोफ्लीचेक हे दोघं १९८८ साली संघाबरोबर परदेशी गेले असता तिथेच राहिले. मोरावचिक पळाला नाही. नित्रातच खेळत राहिला आणि १९८८-८९ च्या हंगामात या मध्यम वकुबाच्या क्लबने देशात तिसरा क्रमांक मिळवला.

मग १७ नोव्हेंबर १९८९ आला. प्रागमध्ये विद्यार्थ्यांचा मोर्चा निघाला, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि काही आठवड्यांत चाळीस वर्षांची राजवट कोसळली. रक्त न सांडता झालं म्हणून तिला मखमली क्रांती म्हणतात. डिसेंबर संपायच्या आत नाटककार वाक्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. दारं उघडली. पण पुढच्याच वसंतात एक विलक्षण भांडण सुरू झालं. देशाच्या नावात चेक आणि स्लोवाक या दोन शब्दांमध्ये जोडरेघ हवी की नको, यावर संसदेत खडाजंगी झाली. बाहेरच्यांना हसू आलं. मी शब्दांचा धंदा करणारा माणूस, मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. स्लोवाकांना ती रेघ हवी होती, कारण तिच्यावाचून आपलं नाव दुसऱ्याच्या नावाचं शेपूट होतं, असं त्यांना वाटे. एवढी रेघ ज्यांना जुळवता येईना, ते घर फार दिवस एकत्र राहणार नव्हतं.

या भांडणानंतर दोन महिन्यांनी इटलीत विश्वचषक सुरू झाला. आपल्याकडे दूरदर्शनवर सामने लागत. त्या संघातला माझ्या लक्षात राहिला तो टोमाश स्कुहरावी, डोक्याने गोल करणारा उंच गडी, ५ गोल केले त्याने. प्रशिक्षक होते डॉ. योझेफ वेंगलोश, जातीने स्लोवाक, शिक्षणाने खरोखरचे डॉक्टरेट. १ जुलै १९९० रोजी मिलानमध्ये उपांत्यपूर्व सामना पश्चिम जर्मनीशी पडला. लोथार मथाउसने पेनल्टीवर गोल केला. दुसऱ्या सत्रात मोरावचिकला वाटलं, आपल्याला अडवलं, पेनल्टी मिळायला हवी. पंचांनी दिली नाही. त्याने संतापाने पायातला बूट हवेत भिरकावला, आणि पंचांनी त्याला बाहेर काढलं. ०-१ ने संघ घरी. पंच ऑस्ट्रियाचे होते आणि त्यांचं नाव होतं हेल्मुट कोल. पश्चिम जर्मनीच्या चान्सलरचं नावही तेच. दोघांचा काही संबंध नाही, पण हरलेल्या माणसाला असला योगायोग किती बोचला असेल!

त्याच उन्हाळ्यात, पंचविसाव्या वर्षी, तो फ्रान्सला सेंट एटिएन क्लबात गेला. कोळशाच्या खाणींचं, बंदुका आणि सायकली बनवणारं कामगारांचं शहर. क्लबचे सोनेरी दिवस मागे पडले होते. सहा वर्षं तो तिथे खेळला. १९९६ मध्ये क्लब खालच्या श्रेणीत घसरला तेव्हा तो कॉर्सिका बेटावरच्या बास्तियात गेला. दोन्ही पायांनी सारखाच खेळणारा हा माणूस. कॉर्नर डावीकडून असो की उजवीकडून, त्याला पाय निवडावा लागत नसे. पण मोठ्या क्लबांच्या नजरेत तो भरला नाही. मोठे क्लब मोठ्या क्लबांतच खरेदी करतात, हे बाजाराचं जुनं व्यसन आहे.

दरम्यान घर फुटलं होतं. १९९२ च्या उन्हाळ्यात चेकांचे वाक्लाव क्लाउस आणि स्लोवाकांचे व्लादिमीर मेचियार या दोन पुढाऱ्यांनी वाटणी ठरवून टाकली. लोकांना मत विचारलं नाही. १ जानेवारी १९९३ रोजी दोन देश झाले. गोळी सुटली नाही, गाव जळलं नाही. फाळणी हा शब्द ज्यांच्या कानात वेगळ्या आवाजात घुमतो त्या आपल्यासारख्यांना हे खरंच वाटत नाही. पण फुटबॉलची एक अडचण उरली होती. १९९४ च्या विश्वचषकाची पात्रता फेरी अर्ध्यावर होती. मग ‘चेक आणि स्लोवाक यांचा प्रतिनिधी संघ’ असं लांबलचक नाव घेऊन, नसलेल्या देशाचा संघ वर्षभर खेळत राहिला. शेवटचा सामना ब्रुसेल्सला, बेल्जियमविरुद्ध, जिंकणं आवश्यक. ०-० झाला. तारीख होती १७ नोव्हेंबर १९९३. क्रांतीला त्या दिवशी बरोबर ४ वर्षं झाली होती.

नव्या स्लोवाकियाचा पहिला अधिकृत सामना २ फेब्रुवारी १९९४ रोजी झाला, तोही दुबईत. ५० लाखांच्या आसपास वस्तीचा देश, सगळं पहिल्यापासून मांडायचं. १९९८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत तर चेक आणि स्लोवाक एकाच गटात आले. कालपर्यंत एका खोलीत कपडे बदलणारे समोरासमोर उभे राहिले. दोघांपैकी कुणीच त्या विश्वचषकाला गेलं नाही.

१९९८ मध्ये मोरावचिक जर्मनीतल्या डुइसबर्ग क्लबात होता. वय ३३. या वयात मधल्या फळीतला खेळाडू निवृत्तीचा हिशेब करतो. त्या सुमारास स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या सेल्टिक क्लबाने नवे प्रशिक्षक नेमले होते, तेच आपले वेंगलोश, वय ६२. त्यांनी सुमारे ३ लाख पौंड देऊन मोरावचिकला बोलावून घेतलं. तिथल्या वर्तमानपत्रांनी खिल्ली उडवली. म्हाताऱ्याने आपल्या गाववाल्या म्हाताऱ्याची सोय लावली, असा एकूण सूर.

सेल्टिक हा आयर्लंडहून पोट भरायला आलेल्या कॅथलिक गरिबांचा क्लब. १८८७ साली ब्रदर वॉलफ्रिड या धर्मसेवकाने तो काढला तो उपाशी मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा करायला. समोर रेंजर्स, प्रॉटेस्टंटांचा. परक्याला या मैदानावर सहज जागा मिळत नाही, पण अपवाद आहेत, आणि एक आपल्या घरचा आहे. १९३६ साली कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचा मोहम्मद सलीम सेल्टिककडून दोन सामने खेळला. बूट नव्हते, पायांना पट्ट्या बांधलेल्या. त्या पायांची जादू पाहून ग्लासगोकर थक्क झाले. पुढे घरची ओढ लागून तो परतला.

२१ नोव्हेंबर १९९८. सेल्टिक विरुद्ध रेंजर्स. मोरावचिकला येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. पहिला गोल त्याचा. मध्यंतरानंतर दुसराही त्याचाच. मग हेन्रिक लार्सनने दोन केले, शेवटी तरुण मार्क बर्चिलने एक, आणि ५-१. थट्टा बंद झाली. त्या हंगामाचं विजेतेपद मात्र रेंजर्सनेच नेलं, हेही सांगायला हवं. वेंगलोश १९९९ मध्ये गेले. मोरावचिक राहिला.

पुढचा प्रशिक्षक जॉन बार्न्स टिकला नाही. २००० मध्ये मार्टिन ओनील आले आणि २०००-०१ च्या हंगामात सेल्टिकने लीग, लीग कप आणि स्कॉटिश कप असे तिन्ही जिंकले. छत्तिशीच्या उंबरठ्यावर मोरावचिक दर सामना पहिल्यापासून खेळत नसे. पण एप्रिल २००१ मध्ये रेंजर्सच्याच मैदानावर सेल्टिकने ३-० ने मात केली, तेव्हा तीनपैकी दोन गोल त्याचे. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला चॅम्पियन्स लीगमध्ये युव्हेंटसविरुद्ध ४-३ असा जो रोमहर्षक सामना झाला त्यातही तो होता. सामना जिंकूनही सेल्टिक गटात तिसरा राहिला आणि स्पर्धेबाहेर गेला.

इंग्लंड-स्कॉटलंडातले लोक आजही हळहळतात, की हा गडी आम्हाला दहा वर्षं आधी का मिळाला नाही. मला ही हळहळ थोडी अर्धवट वाटते. दहा वर्षं आधी म्हणजे १९८८. तेव्हा त्याच्या आणि ग्लासगोच्या मध्ये काटेरी तार होती. त्यानंतरची आठ वर्षं तार नव्हती, तो फ्रान्समध्ये सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खेळत होता. त्या आठ वर्षांचा दोष कुठल्याही राजवटीवर ढकलता येत नाही. ज्याने त्याला नित्रापासून पाहिलं होतं, त्या एका माणसालाच त्याची किंमत ठाऊक होती.

२००२ मध्ये त्याने ग्लासगो सोडलं. शेवटचे सामने तो जपानमध्ये खेळला, जेफ युनायटेड इचिहारा या क्लबाकडून. तिथले प्रशिक्षक होते डॉ. योझेफ वेंगलोश.