गहाण, भाडे आणि पागडी : चाळीच्या इतिहासातले एक न वाचलेले पान

मराठी साहित्यातील कर्जाचा विचार करू लागले की प्रथम डोळ्यांपुढे येतो तो खेड्यातला सावकार. महात्मा फुले यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’पासून (१८८३) थेट ग्रामीण कादंबरीपर्यंत, कर्जात बुडालेला शेतकरी हा आपल्या वाङ्मयाचा अखंड विषय राहिला आहे. त्यामागे इतिहासही तसाच आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला, तो मुख्यतः सावकारांकडील कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यासाठी. आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा ही त्या उठावाचीच परिणती होती. शहरातले गहाण मात्र आपल्या वाङ्मयात जवळजवळ अदृश्य आहे. चाळीवर आपण भरभरून लिहिले. ‘बटाट्याची चाळ’ने (१९५८) तर चाळीला मराठी माणसाच्या स्मृतीत कायमची जागा दिली. पण चाळ कोणाच्या पैशाने उभी राहिली, तिच्यावर कर्ज मिळत होते का, आणि ते मिळेनासे झाल्यावर तिचे काय झाले, हे प्रश्न आपण क्वचितच विचारले. स्वस्त भाड्याच्या लहान मिळकतीवर लहानसे कर्ज, ही वरवर रुक्ष वाटणारी बाब मुंबईच्या सामाजिक इतिहासाची एक किल्ली आहे, असे आम्हांला वाटते.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाणाचे प्रकार निश्चित केले. त्यांतील दोन येथे महत्त्वाचे. पहिले कब्जेगहाण. यात मिळकतीचा ताबा धनकोकडे जातो आणि तिचे उत्पन्न तो व्याजापोटी, किंवा व्याज व मुद्दल दोहोंपोटी, घेत राहतो. दुसरे, मालकीहक्काची कागदपत्रे धनकोकडे ठेवून होणारे गहाण. ही सोय मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा मोजक्या शहरांपुरतीच होती. त्याच कायद्यात शंभर रुपयांची एक रेषा आहे. त्या रकमेच्या वर, कागदपत्रे ठेवून केलेले गहाण वगळता, नोंदलेला व किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेला दस्त हवाच. त्याखालच्या व्यवहारात मात्र, साधे गहाण सोडले तर, प्रत्यक्ष ताबा देऊनही काम भागे. लहान कर्जाला मोठ्या कर्जाइतकाच कागदाचा खर्च झेपत नाही, हे शहाणपण कायदा करणाऱ्यांना १८८२ मध्येच होते.

कब्जेगहाणाच्या कल्पनेतच भाड्याच्या मिळकतीचे सारे अर्थशास्त्र सामावलेले आहे. घराची किंमत विटा-लाकडात नसते, ती त्यातून येणाऱ्या भाड्यात असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, चाळीत वीस खोल्या आहेत आणि प्रत्येकीचे भाडे महिना पाच रुपये. वर्षाचे उत्पन्न बाराशे. कर व डागडुजीचे चारशे वजा जाता आठशे उरतात. व्याजाचा दर आठ टक्के धरला, तर ही चाळ दहा हजारांच्या कर्जाचे व्याज पेलू शकते. आता भाडे तेच राहिले आणि कर व डागडुजीचा खर्च बाराशेवर गेला, तर तिची कर्ज पेलण्याची शक्ती शून्य होते. चाळ उभी असते, माणसे नांदत असतात, खालच्या जागेची किंमत तर वाढतच असते. पण त्या भाड्याच्या बळावर कर्ज देणारा कोणी उरत नाही.

मुंबईत नेमके असेच घडले. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, भाडेनियंत्रण आले ते युद्धापुरते. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने मात्र १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हा प्रमाणभूत भाड्याचा पाया मानला, आणि तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा पुन्हापुन्हा मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. या कायद्याला खलनायक ठरवणे आम्हांला मान्य नाही. युद्ध, फाळणी आणि कामासाठी शहरात येणारे लोंढे यांच्या काळात गिरणीकामगाराला आणि कारकुनाला डोक्यावर छप्पर राहिले, ते याच कायद्यामुळे. या आधाराशिवाय गिरणगावातील संस्कृती, तिथली नाटके, व्याख्यानमाला आणि वाचनालये टिकली असती, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु भाडेकरूचे संरक्षण आणि इमारतीचे संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने पहिलीची तजवीज केली. दुसरीसाठी पैसा कोठून येईल, हे सांगितले नाही.

कर्जाची वाट बुजली तेव्हा तिची जागा पागडीने घेतली. डोक्यावरच्या प्रतिष्ठेचे चिन्ह असलेला हा शब्द मुंबईत खोलीच्या गुप्त किमतीचे नाव झाला, हा अर्थांतराचा प्रवास भाषेच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावा. १९४७ च्या कायद्यानुसार मालकाने पागडी घेणे गुन्हा होता. भाडेकरूलाही आपला हक्क परस्पर दुसऱ्यास देता येत नसे. तरीही व्यवहार होत राहिले, कारण तीच एक रक्कम मालकाच्या हाती एकरकमी पडत असे. ती द्यायला भाडेकरू दागिने मोडी किंवा गावाकडची जमीन गहाण टाकी. म्हणजे शहरातल्या खोलीवर न मिळणारे कर्ज पुन्हा खेड्यातल्या जमिनीवरच काढले जाई. आपल्या साहित्यातला ग्रामीण सावकार आणि शहरी चाळ येथे एकमेकांना भेटतात; आपण मात्र त्यांना दोन वेगळ्या प्रवाहांत वाटून टाकले आहे.

दुसरी वाट नव्हतीच असे नाही. १९१५ मध्ये रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. संस्था मालक आणि सभासद तिचे भाडेकरू, अशी तिची मूळ कल्पना. एकेकट्या माणसाची पत लहान असते. अनेकांची पत एकत्र आली की धनकोला ती लहान वाटत नाही. पण या वाटेने प्रामुख्याने पांढरपेशा मध्यमवर्गच गेला. गिरणीकामगाराच्या वाट्याला खासगी चाळ आली, किंवा १९२० नंतर सरकारने बांधलेली बी. डी. डी. चाळ.

पुढे १९७७ मध्ये एच. टी. पारेख यांच्या पुढाकाराने एचडीएफसी स्थापन झाली, १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली आणि गृहकर्ज हा शब्द मध्यमवर्गाच्या घरोघरी पोहोचला. हे कर्ज होते मालकीच्या सदनिकेसाठी. पागडीच्या खोलीत राहणाऱ्याकडे गहाण ठेवण्याजोगी मालकी नव्हती, आणि चाळमालकाकडे कर्ज फेडण्याजोगे भाडे नव्हते. मोडकळीला आलेल्या इमारतींसाठी १९६९ च्या कायद्याने उपकर व दुरुस्ती मंडळाची व्यवस्था केली, ती याच पोकळीत.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या प्रमाणभूत भाड्याच्या तरतुदी कालौघात अवाजवी झाल्याचे म्हटले. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वार्षिक चार टक्के भाडेवाढीस मुभा दिली आणि पागडीलाही वैध ठरवले. मूळ भाडेच नगण्य असल्यावर त्याचे चार टक्के ते किती? २००२ च्या कायद्याने बँकांना तारण मिळकतीचा ताबा घेण्याचे विशेष अधिकार दिले. पण भाडेनियंत्रणाचे संरक्षण असलेल्या भाडेकरूला त्या बळावर बाहेर काढता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले. निर्णय न्याय्यच आहे. मात्र भाडेकरू असलेली लहान, जुनी मिळकत तारण म्हणून पाहताना धनको का कचरतो, हेही त्यातून उमगते. त्यात हक्काचा शोध, मूल्यांकन आणि दस्तऐवज यांचा खर्च कर्जाच्या रकमेबरोबर कमी होत नाही. लहान कर्ज नाकारले जाते ते पुष्कळदा ऋणको वाईट म्हणून नव्हे, तर रक्कम लहान म्हणून.

साहित्याच्या अभ्यासकांनी या कोरड्या तपशिलाकडे का वळावे? चाळीचे आपले वाचन आजवर स्मरणरंजनाचे आहे. जिने मोडके, गॅलऱ्या कललेल्या, भिंतींना ओल. हे सारे आपण वातावरणनिर्मिती म्हणून वाचत आलो. त्या ओलीमागे एक न मिळालेले कर्ज आहे, हे ध्यानात घेतले की वर्णनाचा अर्थ बदलतो. मालक म्हणजे केवळ भाडे मागायला येणारा कंजूष माणूस राहत नाही आणि भाडेकरू केवळ विनोदी पात्र राहत नाही. दोघेही एकाच कुलूपबंद हिशेबात अडकलेले दिसतात. चाळीवरच्या कथा-कादंबऱ्या वर्गात शिकवताना, त्या घराचा गहाणखताशी काय संबंध होता, एवढा एक प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवून पाहावा.