धाम नदीचे खडकाळ पात्र आणि मानवाकृतीचे छायाचित्रण : पवनार येथील ऐतिहासिक संदर्भ

वर्धा शहराजवळील पवनार येथे धाम नदीचे पात्र काळ्या बेसाल्ट खडकाचे आहे. पावसाळा सरला की त्याचा बराच भाग उघडा पडतो. या नदीकाठाला विसाव्या शतकात ऐतिहासिक महत्त्व लाभले. विनोबा भावे १९३८ मध्ये येथे वास्तव्यास आले; १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थींचे येथे विसर्जन झाले; नोव्हेंबर १९८२ मध्ये विनोबांवर अंत्यसंस्कारही याच तीरावर झाले. साहजिकच येथील छायाचित्रांकडे आजवर व्यक्तिचित्रे म्हणूनच पाहिले गेले.

जिल्ह्यातील या छायाचित्रणाची शिस्त घडली ती सेवाग्रामात. गांधीजींचे पुतणे नारणदास यांचे पुत्र कनू गांधी यांनी घनश्यामदास बिर्ला यांच्या १०० रुपयांच्या साहाय्यातून रोलिफ्लेक्स कॅमेरा घेतला. गांधीजींच्या अटी तीन होत्या : फ्लॅश वापरायचा नाही, पोझ घ्यायला सांगायचे नाही, आश्रम खर्च देणार नाही. कुटीच्या अंधारात पहिली अट जाचक होती. नदीपात्रात खरी कसोटी दुसऱ्या अटीची. तेथे प्रकाश उदंड. परंतु काळा खडक, चकाकते पाणी आणि शुभ्र खादी एकाच चौकटीत येतात. खडकाच्या मानाने प्रकाशमापन केल्यास खादीचा पोत नाहीसा होतो, खादीच्या मानाने केल्यास खडकाचा नुसता काळा गोळा उरतो. व्यक्तीला सावलीत सरकण्यास सांगता येत नसेल, तर छायाचित्रकारानेच आपला दगड बदलावा किंवा तिरप्या उन्हाची वाट पाहावी. छातीशी धरून वरून पाहावयाच्या त्या कॅमेऱ्यात उभी व्यक्ती किंचित उंचावलेली दिसते, हेही अशी चित्रे वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

छपाईच्या वेळी मात्र बहुधा चेहरा राखून पार्श्वभूमी कापली जाते, आणि मथळ्यात व्यक्तीचे नाव येते, जागेचे नाही. इतिहासाच्या दृष्टीने ही हानी लहान नाही. खडक सहसा जागचे हलत नाहीत. त्यांच्या भेगा व कंगोरे जुळवून छायाचित्र नेमके कोठून घेतले हे निश्चित करता येते. शेजारच्या मानवाकृतीच्या उंचीवरून त्या दिवशीच्या पाण्याच्या पातळीचा अंदाजही बांधता येतो. वरच्या अंगाला महाकाळी येथे धरण झाल्यानंतर धामचा प्रवाह पूर्वीसारखा राहिलेला नाही. त्यापूर्वीची न कापलेली चित्रे म्हणूनच नदीच्याही इतिहासाची साधने ठरतात. दरवर्षी १२ फेब्रुवारीच्या सर्वोदय मेळाव्यास पवनारला माणसे जमतात. जुन्या प्रती हाती घेऊन त्या खडकांशी ताडून पाहण्यास हिवाळ्याअखेरचे हे दिवस सोयीचे आहेत.