ओल, लोणा आणि आमचं जुनं घर

जुन्या घराची ओल हा आमच्याकडे दर पावसाळ्यातला विषय. यंदा त्याला जोड मिळालीय ती घर पाडायच्या बोलण्याची. चार वाटेकरी, त्यातल्या तिघांचं म्हणणं की भिंती कुजल्यात, पाडून खोल्या काढू आणि पंचतारांकितच्या कामगारांना भाड्याने देऊ. यात वावगं काही नाही. पण ज्या दोषासाठी घराला शिक्षा होतेय तो मुळात घराचा आहे का, एवढं तरी बघावं म्हणून हे लिहून ठेवतोय. घरची मंडळीही इथं वाचतात, त्यांनी रागावू नये :)

कागलकडचं जुनं घर म्हणजे काळ्या दगडाचं जोतं, त्यावर भेंड्याच्या नाहीतर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, खाली शेणाने सारवलेली जमीन आणि वर कौलं. जमिनीतली ओल तेव्हाही वर चढायचीच. वातीत तेल चढावं तसं मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी चढतं. पण चढलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट होती. सारवलेल्या जमिनीतून आणि मातीच्या गिलाव्यातून ते वाफ होऊन निघून जायचं. चूल दोन वेळा पेटायची, धूर कौलांच्या फटींतून जाताना घरातली दमट हवाही घेऊन जायचा. आढ्याची लाकडं काळी व्हायची, पण कोरडी राहायची. त्या धुराने आमच्या आज्जीचे डोळे गेले हेही खरं, तेव्हा चुलीचे गोडवे गायचे नाहीत. सांगायचं एवढंच की ओल घालवायचं काम घर आपोआप करत होतं.

मग बदल होत गेले. बाझेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि ते चपटं लाल कौल हळूहळू सगळीकडे पोचलं. कौल बदललं तरी फटी राहिल्या, त्यामुळे काही बिघडलं नाही. बांधकामात जोर चुन्याचा होता. कोल्हापूरचा न्यू पॅलेस १८८४ साली पुरा झाला, आणि पोरबंदरचा सिमेंट कारखाना सुरू झाला १९१४ साली. चुना घट्ट होतो, पण वाफेला अडवत नाही.

खेड्यातल्या माणसाच्या हाती सिमेंट यायला पुढे खूप वर्षं गेली. ते कोट्यावर मिळायचं. या कोट्यावरून झालेल्या आरोपांत १९८२ साली बॅरिस्टर अंतुल्यांचं मुख्यमंत्रीपद गेलं, यावरून त्या पोत्याची किंमत कळावी! त्याच वर्षी नियंत्रण थोडं सैल झालं आणि १९८९ साली पूर्ण उठलं. पुढे महामार्गाकडेला पंचतारांकित वसाहत उभी राहिली, घरटी एक-दोन पगार येऊ लागले. पगारातून आधी घर सुधारतं. आमच्याकडेही थोरल्या काकांनी हौसेने सोप्यात फरशी घातली, भिंतींना सिमेंटचा गिलावा केला, त्यावर ऑइलपेंट दिला. गॅस आला, चूल परड्यात गेली. मागच्या खोलीवर स्लॅब पडला.

एकेक सुधारणा घेतली तर चांगलीच. पण सगळ्या मिळून ओलीच्या वाटा बंद झाल्या. फरशीखालचं पाणी भिंतीकडे वळलं. भिंतीला बाहेरून सिमेंटचं कवच, म्हणून ते आणखी वर चढलं. दोन फुटांवरची ओल चार फुटांवर गेली, रंगाचे पोपडे सुटले आणि पांढरा लोणा फुटला.

लोण्याचं गणित आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला वेगळं शिकवायला नको. शिरोळकडे उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्या, तेही हेच. पाणी क्षार घेऊन वर येतं, पाणी उडून जातं, क्षार तिथंच राहतात. तिथं श्री दत्त कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाण्याला वाट काढून दिली आणि पडीक रानं पुन्हा पिकायला लागली. शेतावर लेप लावून क्षार जात नाहीत हे आपल्याला कळतं, आणि भिंतीला मात्र दर दोन वर्षांनी नवा वॉटरप्रूफ लेप! असो.

आता विरुद्ध बाजू. २०१९ च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ओलांडले, धोक्याची पातळी तिथं ४३ फूट आहे. पुरात उभी राहिलेली मातीची घरं किती बसली ते सगळ्यांनी पाहिलं. पाणी जिथं शिरतं तिथं मातीच्या भिंतीचा हट्ट धरू नये. आमचं घर उंचावर आहे, तिथं पूर येत नाही.

शिवाय नव्या खोल्या कोरड्या राहतील असं कुणी धरून चालू नये. दहा बाय दहाची खोली, चार माणसं, आतच स्वयंपाक, पावसाळ्यात आतच वाळत घातलेले कपडे आणि डासांपायी बंद खिडकी. ती सगळी वाफ गार स्लॅबला लागून थेंब धरते आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. ही ओल जमिनीतून येत नाही, आपणच तयार करतो. तिथं झरोका नसेल तर भाडेकरूचं लेकरू खोकत राहणार.

म्हणून माझं मागणं एका वर्षाचं आहे. परड्यात माती साचून जोत्याच्या वर आलीय, ती उपसू. पागोळ्यांचं पाणी पन्हळ लावून लांब सोडू. मधल्या सोप्यातला सिमेंटचा गिलावा कमरेइतका काढून चुन्याचा करू, आणि एक पावसाळा बघू. लोणा थोडा येत राहील, झाडून काढायचा. तरीही भिंत ओलीच राहिली तर पाडायला मी आडवा येणार नाही. आणि खोल्या काढायच्याच ठरल्या, तर प्रत्येकीला समोरासमोर दोन झरोके ठेवू. एवढं तरी आपण जुन्या घराकडून शिकलो म्हणायचं.