फुफ्फुसावरणाचा जाडपणा : जुना व्रण की चालू आजार?

छातीचा एक्स-रे काढल्यावर अहवालात 'प्ल्युरल थिकनिंग' हे दोन शब्द दिसले की रुग्ण आणि नातेवाईक दोघेही धास्तावतात. बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातील धामणगाव बढेसारख्या गावी राहणाऱ्या आई-वडिलांचा असा अहवाल मोबाइलवरून पुण्या-मुंबईतील मुलांकडे येतो आणि पहिला प्रश्न विचारला जातो तो 'पुन्हा टीबी झाला का?' हाच. अनेकदा त्याचे उत्तर 'नाही' असे असते. फुफ्फुसावरणाचा जाडपणा हा बहुतांशी बऱ्या झालेल्या आजाराने मागे ठेवलेला व्रण असतो. मात्र व्रणालाच आजार समजून पुन्हा औषधे सुरू करणे जितके चुकीचे, तितकेच नव्या आजाराला जुना व्रण समजून दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे. हा फरक कसा ओळखावा आणि जाडपणा असूनही दैनंदिन जीवन सुरळीत कसे ठेवावे, याची माहिती रुग्णाइतकीच त्याच्या कुटुंबालाही असावी.

फुफ्फुसावरण म्हणजे काय?

प्रत्येक फुफ्फुसाभोवती दुपदरी पातळ आवरण असते. आतला पदर फुफ्फुसाला चिकटलेला असतो, तर बाहेरचा पदर छातीच्या पिंजऱ्याला आतून अस्तरासारखा लागलेला असतो. दोन्ही पदरांमध्ये अत्यल्प द्रव असतो. श्वास घेताना फुफ्फुस फुगते, तेव्हा या द्रवामुळे पदर एकमेकांवरून सहज सरकतात. तेथे सूज आली, पाणी किंवा पू साचला, तर बरे होताना तंतुमय पेशीजाल तयार होते. पदर जाड होतात आणि काही ठिकाणी एकमेकांना चिकटतात. त्वचेवरील जखम भरल्यावर वण उरतो, तसाच हा प्रकार. वण लहान असेल तर रुग्णाला त्याची जाणीवही होत नाही. तो मोठा असेल तर फुफ्फुसाला पुरेसे फुगता येत नाही आणि चढण चढताना किंवा ओझे उचलताना धाप लागते.

कारणे कोणती?

भारतात याचे महत्त्वाचे कारण म्हणजे क्षयरोग. फुफ्फुसावरणाचा क्षयरोग झाल्यास छातीत पाणी होते. सहा महिन्यांच्या औषधोपचाराने आजार बरा होतो, पण अनेक रुग्णांत आवरणाचा थोडाफार जाडपणा उरतो. न्यूमोनियानंतर छातीत पू होणे, अपघातात बरगड्या मोडून रक्त साचणे, हृदयाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, छातीवरील किरणोपचार आणि संधिवाताचे काही प्रकार ही इतर कारणे होत.

ॲस्बेस्टॉस हे आणखी एक कारण. या खनिजाचे सूक्ष्म तंतू श्वासावाटे आत गेल्यास आवरणावर चकत्या किंवा सर्वदूर जाडपणा निर्माण होतो. हे परिणाम साधारणतः वीस ते तीस वर्षांनंतर दिसू लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालात ॲस्बेस्टॉस उद्योगांनी कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या आरंभापासून किमान चाळीस वर्षे किंवा नोकरी संपल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत जतन कराव्यात, असे बजावले होते. त्यामागचे कारण हाच दीर्घ कालावधी होय. ब्रेक लायनिंग, सिमेंटचे पत्रे व पाइप, जहाजतोडणी किंवा बॉयलरची आवरणे अशा ठिकाणी पूर्वी काम केले असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

खेडोपाडी घरांवर आणि गोठ्यांवर सिमेंटचे पत्रे असतात. पत्रा शाबूत असेल तर त्यापासूनचा धोका कमी असतो. तो कापणे, घासणे, छिद्रे पाडणे किंवा फोडणे यामुळे तंतू हवेत मिसळतात. जुना पत्रा काढावाच लागल्यास तो ओला करून, न फोडता, अखंड उतरवावा. कापसाच्या धुळीने श्वसनाचा त्रास होतो, हे खरे. पण तो श्वासनलिकांचा आजार असतो, आवरणाच्या जाडपणाचा नव्हे.

तपासण्या

एक्स-रेमध्ये बरगड्या आणि श्वासपटल यांच्यामधील टोकदार कोन बोथट झालेला दिसतो. थोडे पाणी साचले असले तरी हाच कोन बोथट दिसतो. त्यामुळे केवळ एका एक्स-रेवरून निदान पक्के होत नाही. पाणी आहे की जाडपणा, हे सोनोग्राफीने कळते. पाणी असल्यास ते सुईने काढून त्यातील प्रथिने, पेशी आणि एडीए यांची तपासणी केली जाते. सीटी स्कॅनमध्ये जाडपणाची व्याप्ती आणि स्वरूप समजते. आवरण गाठीगाठींचे दिसणे, जाडी एक सेंटिमीटरहून अधिक असणे किंवा जाडपणाने फुफ्फुसाला चोहोबाजूंनी वेढणे, ही लक्षणे कर्करोगाची शंका निर्माण करतात. अशा वेळी आवरणाचा तुकडा काढून तपासणे आवश्यक ठरते. श्वसनक्षमता किती घटली आहे, हे स्पायरोमेट्रीने मोजता येते.

या सर्वांपेक्षा स्वस्त आणि तितकीच मोलाची तपासणी म्हणजे जुन्या एक्स-रेशी तुलना. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एक्स-रेत तोच जाडपणा तेवढाच दिसत असेल आणि नवी तक्रार नसेल, तर तो जुना व्रण असण्याची शक्यता अधिक असते.

पुन्हा टीबीची औषधे घ्यावीत का?

७ डिसेंबर २०२४ रोजी देशातील निवडक जिल्ह्यांत शंभर दिवसांची क्षयरोग शोधमोहीम सुरू करण्यात आली. तिच्यात जोखमीच्या गटातील व्यक्तींचे एक्स-रे काढण्यावर भर होता. तक्रार नसलेल्यांचेही एक्स-रे निघू लागले, की चालू आजारांबरोबर जुने व्रणही नजरेस येतात. केवळ जाडपणा दिसला म्हणून टीबीची औषधे सुरू करणे योग्य नाही. या औषधांनी व्रण नाहीसा होत नाही; उलट यकृतावर दुष्परिणाम होऊ शकतो. पूर्वी टीबी होऊन गेलेल्या व्यक्तीला पुन्हा तक्रारी सुरू झाल्यास थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रुनॅट तपासणी करून, त्यानंतरच निर्णय घ्यावा. शासकीय आरोग्य केंद्रांमार्फत टीबीची तपासणी व औषधे मोफत मिळतात. चालू टीबीच्या रुग्णांना निक्षय पोषण योजनेतून मिळणारी दरमहा पाचशे रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार रुपये करण्यात आली आहे.

उपचार

व्रण विरघळवणारे औषध उपलब्ध नाही. तथापि टीबीच्या उपचारादरम्यान आणि त्यानंतरही काही महिने जाडपणा आपोआप कमी होत राहतो. त्यामुळे शस्त्रक्रियेची घाई केली जात नाही. आवरणाच्या कवचात फुफ्फुस अडकून पडले असेल, धाप तीव्र असेल आणि आतील फुफ्फुस निरोगी असेल, तर 'डिकॉर्टिकेशन' ही शस्त्रक्रिया करून कवच सोलून काढतात. धामणगाव बढे येथील रुग्णाला त्यासाठी छातीच्या शल्यविशारदाची सोय असलेले मोठ्या शहरातील रुग्णालय गाठावे लागते. हा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे आधीच करावी. छातीत पू असल्यास मात्र थांबून चालत नाही. तो नळीवाटे वेळीच काढल्यास पुढचा जाडपणा बराचसा टळतो.

दैनंदिन काळजी

धाप लागते म्हणून रुग्ण हालचाल कमी करतो, त्यामुळे स्नायू अशक्त होतात आणि धाप आणखी वाढते. हे चक्र व्यायामाने तोडता येते.

खुर्चीत ताठ बसून, ज्या बाजूला जाडपणा आहे त्या बाजूच्या खालच्या बरगड्यांवर तळहात ठेवावा. हात बाहेर ढकलला जाईल असा खोल श्वास नाकाने घ्यावा, दोन-तीन सेकंद रोखावा आणि ओठांचा चंबू करून सावकाश सोडावा. असे पाच ते दहा श्वास दिवसातून तीन-चार वेळा घ्यावेत. चक्कर आल्यास थांबावे. तीन चेंडूंचे स्पायरोमीटरही उपयोगी पडते. रोज सपाट रस्त्यावर चालावे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत गती ठेवावी आणि अंतर आठवड्यागणिक वाढवावे.

शेतीची कामे पूर्णपणे सोडण्याची गरज नसते. मळणीच्या धुळीत आणि फवारणीच्या वेळी योग्य मास्क वापरावा, जड कामे टप्प्याटप्प्याने करावीत. बिडी-सिगारेटने आवरण जाड होत नाही, पण उरलेली श्वसनक्षमता मात्र खालावते. ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या व्यक्तीने धूम्रपान केल्यास फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. चुलीचा धूरही टाळावा. इन्फ्लूएन्झाची लस दरवर्षी, तसेच न्यूमोकोकल लस घेण्याबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. हवा थंड झाल्यावर किंवा कूस बदलताना छातीत ओढ लागते, अशी तक्रार काही रुग्ण करतात. शेक आणि पॅरासिटामॉलने आराम पडतो. इतर वेदनाशामके मात्र परस्पर घेऊ नयेत, कारण ती मूत्रपिंड व जठराला अपाय करू शकतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, सायंकाळचा ताप, रात्रीचा घाम, वजनात घट, थुंकीतून रक्त, सतत वाढत जाणारी छातीतील वेदना किंवा पूर्वीपेक्षा कमी श्रमात लागणारी धाप यांपैकी काहीही आढळल्यास विलंब करू नये. अचानक तीव्र धाप लागल्यास किंवा ओठ निळसर पडल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

तक्रार नसलेल्या रुग्णाने पुढील तपासणी केव्हा करावी, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे आणि प्रत्येक भेटीत जुने एक्स-रे, उपचाराचे कार्ड व औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. घरात सातबारा आणि शिधापत्रिका जशी जपली जाते, तसेच हे कागदही जपावेत. पुढच्या एक्स-रेत दिसणारी रेषा जुनी की नवी, हे ठरवताना डॉक्टरांना त्यांचाच आधार होतो.