एक साचा, अनेक बोली

मजकुरातून शब्द हुडकावयाचे, तर संगणकाला त्यांचा साचा द्यावा लागतो. या साच्यांचे गणित अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५६ साली प्रसिद्ध केले. १९६८ साली केन थॉम्प्सन यांनी ते शोधाच्या कामी जुंपले आणि पुढे बेल प्रयोगशाळेत ‘ग्रेप’ व ‘ईग्रेप’ ही साधने निर्माण झाली. भाऊबंदकी येथूनच सुरू झाली. ग्रेपच्या बोलीत कंस हा नुसता कंस. त्याच्याकडून गट बांधून घ्यावयाचा, तर आधी उलटी तिरपी रेघ हवी. ईग्रेपच्या बोलीत नेमके उलटे! १९९२ च्या ‘पॉझिक्स’ प्रमाणाने निवाडा केला, पण तो दोन्ही बोलींना मान्यता देऊन.

येथवर पुष्कळदा रेघा हलविल्या की भाषांतर साधते. पण १९८७ साली आलेल्या ‘पर्ल’ने अर्थच वेगळा धरला. ‘रामदास’ या शब्दात ‘राम किंवा रामदास’ शोधा म्हटले, तर पॉझिक्स सर्वांत लांब जुळणी म्हणजे ‘रामदास’ देते. पर्ल पहिला पर्याय जुळताच ‘राम’वर थांबते. साचा अक्षरशः तोच, उत्तर निराळे. आणि यंत्र चुकीची तक्रारही करीत नाही!

श्रोतेहो, अडून बसणारे यंत्र परवडले. मुकाट्याने भलतेच उत्तर देणारे घातक. म्हणून रूपांतर करणाऱ्याने आधी खुणांचा नव्हे, त्यांच्या अर्थाचा कोश उघडावा.