फ्रँक घरी येत नाही

असाध्य आजाराचं निदान झालेला माणूस आपल्या घरी परततो आणि उरलेल्या दिवसांत त्याच्या आयुष्याची विस्कटलेली घडी नीट बसते, या सूत्रावर जगभर कादंबऱ्या लिहिल्या जातात, वाचल्याही जातात. त्यांच्याकडून काय हवं, याबद्दल वाचकांचं आणि प्रकाशकांचं जवळपास एकमत आहे. तुटलेली नाती जुळावीत, दुरावलेला मुलगा दारात उभा राहावा, रोग्याने हसतमुखाने आजाराशी दोन हात करावेत आणि पुस्तक मिटताना वाचकाला उभारी यावी. हे सगळं घडलं की कादंबरी सकारात्मक ठरते. घडलं नाही की ती निराशेची ठरते आणि आजारी माणसाच्या हाती पडू नये म्हणून कपाटात मागे सरकवली जाते. हे मत मला चुकीचं वाटतं. आजारी माणसाचं त्याने नुकसान होतं असंही वाटतं, म्हणून त्याचं सविस्तर खंडन करायला हवं.

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावा, ही शास्त्रार्थाची आपली जुनी रीत. इथला पूर्वपक्ष दुबळा नाही. केमोथेरपीने गळून गेलेल्या माणसाजवळ फार थोडी शक्ती उरलेली असते. ती त्याने दुःख वाचण्यात का घालवावी? गोष्टीने माणसाला बळ येतं हा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. त्याला जोड म्हणून विज्ञानाचा एक भक्कम पुरावाही पुढे केला जातो. स्टॅनफर्डचे मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्तनाचा कर्करोग शरीरभर पसरलेल्या 86 स्त्रियांपैकी काहींना वर्षभर दर आठवड्याला एकत्र बसवून मानसिक आधार देण्यात आला. त्या स्त्रिया सरासरी 36.6 महिने जगल्या, बाकीच्या 18.9 महिने. आयुष्य जवळजवळ दुप्पट. मनाच्या ताकदीने आयुष्य वाढतं हे विधान तेव्हापासून व्याख्यानांतून आणि दिवाळी अंकांतून सिद्ध गोष्ट म्हणून फिरू लागलं.

पण पुढे काय झालं ते क्वचितच सांगितलं जातं. कॅनडात पामेला गुडविन आणि सहकाऱ्यांनी 235 स्त्रियांवर तोच प्रयोग पुन्हा केला. 2001 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या निष्कर्षात दोन्ही गटांतलं आयुष्य 17.9 आणि 17.6 महिने होतं, म्हणजे फरक नाहीच. स्पीगेल यांच्या चमूने स्वतः 125 स्त्रियांवर प्रयोग केला. 2007 मध्ये त्यांनीही प्रामाणिकपणे लिहिलं की एकूण आयुष्य वाढल्याचं दिसत नाही. त्याच वर्षी जेम्स कॉइन आणि सहकाऱ्यांनी डोक्याच्या आणि मानेच्या कर्करोगाच्या 1,093 रुग्णांची नोंद तपासली. मन प्रसन्न असलेले रुग्ण जास्त जगले का? तसा कोणताही संबंध आढळला नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की स्पीगेल यांच्या त्या आठवड्याच्या बैठकांत हसतमुख राहण्याचा पाठ कोणी देत नव्हतं. तिथे बायका मरणाबद्दल, भीतीबद्दल, मागे राहणाऱ्या मुलांबद्दल उघडपणे बोलत. गटातली एखादी गेली की बाकीच्या तिच्यासाठी शोक करत. गुडविन यांच्या अभ्यासातही आयुष्य वाढलं नाही, पण वेदना आणि मानसिक त्रास मात्र कमी झाला. त्या बैठकांनी जे दिलं ते मोकळ्या बोलण्याने दिलं. सकारात्मकतेचे पुरस्कर्ते ज्या प्रयोगाच्या आधाराने उभे आहेत, तो मुळातच त्यांच्या बाजूचा नाही.

सुसान सॉन्टॅग यांना 1975 मध्ये स्तनाचा कर्करोग झाला. 1978 मध्ये त्यांनी 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' हे पुस्तक लिहिलं. रोगाला स्वभावाचं रूप दिलं की रोग्याला आपल्याच आजाराचा दोषी ठरवलं जातं, हे त्यांनी त्यात दाखवून दिलं. त्याचा प्रत्यय आपल्या घराघरांत येतो. गाठ पुन्हा उगवली की कोणीतरी हळूच म्हणतं, "मनाने खचला हो, नाहीतर निघाला असता त्यातून." बिचाऱ्याला आधी रोग आणि वर हा ठपका. भेटायला येणारे "छान दिसताय की!" म्हणतात आणि खाटेवरच्या माणसाला त्यांच्यासाठी उठून बसावं लागतं, हसावं लागतं. हृषीकेश मुखर्जींच्या 1971 च्या 'आनंद'वर माझं मनापासून प्रेम आहे. पण त्या चित्रपटाने आपल्या दोन पिढ्यांच्या मनात मरणाऱ्या माणसाचं एकच चित्र कोरलं, दुसऱ्यांना हसवत जाणारा. आतड्याचा लिम्फोसार्कोमा झालेला तो तरुण वेदनेने कण्हत पडलेला आपल्याला फारसा आठवत नाही. आठवतो त्याचा उत्साह. आणि मग आपण घरातल्या आजारी माणसाकडूनही तोच मागतो.

हे झालं खंडन. आता मंडनासाठी ज्या कादंबरीचा आधार घेतो आहे, ती सुरुवातीला सांगितलेल्या कसोट्यांवर सपशेल नापास होते आणि तरी अशा कादंबऱ्यांत सर्वांत जास्त उभारी देणारी म्हणून मी तिचंच नाव घेईन. केंट हॅरफ या अमेरिकन कादंबरीकाराची ती 'बेनेडिक्शन', प्रकाशन 2013. कोलोरॅडोच्या पूर्वेकडच्या कोरड्या माळावरचं होल्ट नावाचं एक कल्पित गाव. हॅरफच्या सगळ्या कादंबऱ्या तिथेच घडतात. गावात हार्डवेअरचं दुकान चालवणारा डॅड लुइस. पहिल्याच पानांवर तपासण्यांचा निकाल येतो आणि नवरा-बायको डेन्व्हरहून गाडीने डोंगर मागे टाकत माळाकडे, घराकडे निघतात. घरी आल्यावर म्हातारा ओसरीवर बसतो आणि बिअर मागतो. कोणी रडारड करत नाही, कोणी कोणाला धीर देत नाही. एवढ्या साध्या सुरुवातीत हॅरफने एक मोठी गोष्ट करून ठेवली आहे. डॅडला आणि त्याच्या बायकोला, मेरीला, बातमी एकाच वेळी समजते आणि आता काय होणार हे दोघांनाही ठाऊक असतं.

आपल्याकडची रीत बहुधा उलटी. "डॉक्टर, पेशंटला सांगू नका," हे मुलगा तपासणीच्या खोलीबाहेर डॉक्टरला गाठून सांगतो. फाईल पिशवीत दडवली जाते, रेडिएशनला "शेक" म्हटलं जातं. हे प्रेमापोटीच होतं, यात शंका नाही. पण त्यामुळे घरात एकाच वेळी दोन घरं नांदू लागतात. एकात सगळं ठाऊक असलेली माणसं, दुसऱ्यात एकटा रुग्ण. त्यालाही कळलेलं असतंच, पण बोलायला कोणी नसतं. घरी परतण्याच्या कितीतरी कादंबऱ्यांत हे लपवणं हाच कथेचा गाभा असतो आणि शेवटी गुपित फुटणं हा कळस. हॅरफ ते पहिल्या पानावरच मोडीत काढतो, म्हणून पुढची सगळी पानं माणसांच्या एकमेकांशी वागण्यासाठी मोकळी राहतात.

आणि आता फ्रँक. डॅडचा हा मुलगा समलिंगी. बापाने त्याला कधी समजून घेतलं नाही, तो घर सोडून गेला तो गेलाच. रूढ कादंबरीत फ्रँक शेवटच्या प्रकरणात आला असता. इथे म्हातारी मेरी त्याला शोधायला डेन्व्हरला जाते. तो जिथे काम करत होता तिथे चौकशी करते. तो तिथून केव्हाच निघून गेलेला असतो आणि ती रिकाम्या हाताने परत येते. फ्रँक कादंबरीच्या शेवटपर्यंत घरी येत नाही. तो येतो तो फक्त डॅडच्या शेवटच्या दिवसांतल्या भासांत, आणि तिथेही बापाला सहजासहजी मोकळं करत नाही. फ्रँक एकटाच नाही. दुकानात चोरी करणाऱ्या क्लेटन नावाच्या नोकराला डॅडने कामावरून काढलं होतं. त्या माणसाने पुढे आत्महत्या केली. डॅडने त्याच्या विधवेला वर्षानुवर्षं पैसे पुरवले, पण पैशाने ती गोष्ट मिटली नाही, मिटणारही नव्हती.

टीकाकार इथे म्हणेल की मग उभारी कुठे आहे? ती या नाकारण्यातच आहे, असं माझं मत. फ्रँक परत आला असता तर हॅरफने त्याच्यावर झालेला अन्याय बापाच्या शेवटाच्या सोयीसाठी खर्ची घातला असता. मरणारा माणूस मरतो आहे एवढ्यासाठी दुखावलेल्याने क्षमा केलीच पाहिजे, ही आपल्या मनात खोलवर मुरलेली जबरदस्ती आहे. हॅरफ ती मान्य करत नाही. तो डॅडला वाईट माणूसही ठरवत नाही. बायको-मुलीला जीव लावणारा, शेजाऱ्यांना हवासा असणारा हा माणूस आणि मुलाला गमावून बसलेला बाप, दोघे एकाच खाटेवर आहेत. ज्याने आयुष्यात काहीतरी कायमचं बिघडवलं आहे, आणि असा कोण नाही, त्याला ही कादंबरी सांगते की न मिटलेला हिशेब उरावर असतानाही तुझी शुश्रूषा होईल, तुझ्याजवळ कोणीतरी बसेल, तुझ्या मरणाला किंमत असेल. सगळं मिटलं तरच शांतपणे मरता येतं, या अटीपेक्षा हा दिलासा फार मोठा आहे, कारण ती अट बहुतेकांना पुरी करता येत नाही.

शुश्रूषेची ही पानंच पुस्तकाचा खरा ऐवज आहेत. मुलगी लोरेन डेन्व्हरहून घरी येते. तिची स्वतःची तरुण मुलगी अपघातात गेलेली आहे, तिच्याजवळही सांगण्यासारखं शहाणपण नाही. शेजारी आठ वर्षांची अ‍ॅलिस, आई कर्करोगाने गेल्यामुळे आजीकडे आलेली. मरणाने भाजलेली ही माणसं एकमेकांच्या दुःखावर उपदेश करत नाहीत. पाणी देतात, चादर बदलतात, पोरीला सोबत घेऊन फिरतात. उन्हाळ्यातल्या एका दुपारी लोरेन, अ‍ॅलिस आणि गावातल्या दोन वयस्क बायका, आई-लेक, गुरांना पाणी पाजण्याच्या हौदात उतरून पोहतात. डॅडच्या आजाराशी या प्रसंगाचा थेट काही संबंध नाही. पण वाचताना त्या हौदातल्या गार पाण्याचा स्पर्श होतो आणि समजतं, घर म्हणजे काय हे लेखक इथे सांगतो आहे.

मात्र घराच्या या गौरवाला एक अट जोडायलाच हवी, आणि कादंबऱ्या ती सहसा विसरतात. वेदना आटोक्यात नसेल तर घर हे रुग्णालयापेक्षाही वाईट ठिकाण होऊ शकतं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये 1941 पासून देशभरातून रुग्ण येतात. कितीतरी जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून उपचार घेतात. उपाय संपले की "आता घरी न्या" असं सांगितलं जातं. ते घर बीडला असो की बिहारमध्ये, तिथे मॉर्फिन मिळेल का हा पहिला प्रश्न असायला हवा. भारतात औषधांसाठी अफूची कायदेशीर लागवड होते. पण 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे मॉर्फिन इथल्या रुग्णांपर्यंत पोचणं अवघड झालं. 2014 मध्ये कायदा बदलून वाट थोडी मोकळी झाली. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये शांती आवेदना सदन हे अखेरच्या अवस्थेतल्या कर्करुग्णांसाठीचं शुश्रूषागृह उभं राहिलं. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये कोळिकोडमध्ये वेदनाशमनाचं काम सुरू केलं, आणि पुढे तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवून घरोघर जाणारं उपशामक सेवेचं जाळं विणलं गेलं. हॅरफच्या होल्टमध्ये माणसं आपणहून जे करतात, त्याला केरळात औषधाची आणि प्रशिक्षणाची जोड मिळाली.

बोस्टनच्या जेनिफर टेमेल यांच्या 2010 च्या अभ्यासाकडे या चर्चेत मुळीच दुर्लक्ष करता येणार नाही. फुप्फुसाचा कर्करोग पसरलेल्या 151 रुग्णांपैकी अर्ध्यांना निदानानंतर लगेच उपशामक सेवा दिली गेली. त्यांच्या वेदनेकडे लक्ष दिलं गेलं, पुढे काय होणार याबद्दल स्पष्ट बोललं गेलं. त्यांच्यावर शेवटच्या काळात जाचक उपचार कमी झाले, उदासी कमी राहिली, आणि तरी ते सरासरीने 11.6 महिने जगले. नेहमीचे उपचार घेणारे 8.9 महिने जगले. एका अभ्यासावर फार मोठा डोलारा उभारू नये, हे स्पीगेल यांच्या उदाहरणाने शिकवलंच आहे. पण खरं बोलल्याने माणूस खचतो आणि लवकर जातो, या धाकाला तरी त्यात काडीचाही आधार सापडत नाही.

राहता राहिला समीक्षकांचा दुसरा गट. उभारी देणारी कादंबरी म्हणजे दुय्यम वाङ्मय, सांत्वन हे कलेचं काम नव्हे, असं तो मानतो. त्याच्याशीही माझा वाद आहे, पण छोटा. खोटं सांत्वन पाहून तो सांत्वनालाच नकार देतो आहे. त्याने हॅरफचं अखेरचं वर्ष पाहावं. 2014 मध्ये फुप्फुसांच्या बरा न होणाऱ्या आजाराने ग्रासलेला हा लेखक कोलोरॅडोतल्या सॅलायडा गावी आपल्या घरी बसून रोज लिहीत राहिला. 'अवर सोल्स अ‍ॅट नाइट' हे पुस्तक पूर्ण करून 30 नोव्हेंबरला, वयाच्या 71 व्या वर्षी, तो गेला. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेली ही कादंबरी दोन एकट्या म्हाताऱ्यांची आहे. रात्री झोप येत नाही म्हणून एकत्र झोपून बोलत राहणाऱ्यांची. आपला शेवट समोर असताना हॅरफने त्यात मरणावर विजय लिहिला नाही, शेवटी मुलाच्या विरोधापुढे त्या दोघांना दूर व्हावं लागतं. तरी पुस्तक वाचून मन जड होत नाही, कारण बोलायला कोणीतरी असणं ही गोष्ट त्याने एवढ्या बारकाईने आणि गांभीर्याने लिहिली आहे.

तेव्हा आजारी माणसाला पुस्तक नेऊन देणाऱ्याने शेवटचं पान पाहून मुलगा परत आला की नाही हे तपासू नये. मधलं कुठलंही पान उघडावं आणि पाहावं, खाटेवरच्या माणसाला त्याच्या प्रकृतीबद्दल खरं सांगितलं आहे का, त्याला चिडायची, घाबरायची मोकळीक आहे का, आणि त्याचं दुखतं तेव्हा घरातलं कोणी उठतं का.