थंडी नाही, वारा मारतो

आजची गोष्ट थंडीत बाईक चालवणाऱ्या सगळ्यांसाठी. सुरुवात माझ्याच फजितीने करतो.

डिसेंबरमधली पहाट. मी बाईकवर पुण्याहून नाशिकला निघालो होतो. अंगात आईनं विणलेला जाड स्वेटर, हातात जाडजूड ग्लोव्हज. नारायणगावच्या पुढे उसाचा ट्रॅक्टर अचानक रस्त्यावर आला. पुढचा ब्रेक दाबायला गेलो, तर बोटं वळेनात! पायाच्या ब्रेकवर गाडी कशीबशी थांबली, ट्रॉलीपासून हातभर अंतरावर. पुढच्या टपरीवर चहावाल्या मामांनी माझा अवतार बघितला, रद्दीतला पेपर काढला आणि म्हणाले, "स्वेटरच्या आत छातीला लाव." मला कळेना, गारठलेत हात, मग पेपर छातीला कशाला? पण लावला. आणि थोड्या वेळानं बोटं खरंच वळायला लागली.

हे कसं झालं, ते शोधता शोधता मी थेट अंटार्क्टिकात पोचलो.

१९४१ साली तिथं पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल हे दोन अमेरिकन संशोधक एक साधा प्रयोग करत होते. प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते वाऱ्यात टांगायचं आणि गोठायला किती वेळ लागतो ते मोजायचं. वारा जितका जोरात, तितकं पाणी लवकर गोठायचं. यातूनच 'विंड चिल' ही कल्पना आकड्यांत मांडली गेली. म्हणजे बघा, आजच्या सूत्रानुसार हवा १० अंश असेल आणि ताशी ६० किलोमीटरचा वारा लागत असेल, तर उघड्या कातडीला गारवा जाणवतो साधारण ५ अंशांचा. बाईकवर हा वारा आपण स्वतःच तयार करतो.

गंमत म्हणजे, हे आकडे येण्याआधीच बाईकवाल्यांना वाऱ्याचा हिसका कळला होता. १९२८ साली न्यूयॉर्कच्या आयर्व्हिंग शॉट यांनी 'परफेक्टो' हे चामड्याचं जाकीट आणलं. त्याची चेन मधोमध नसते, तिरकी असते, आणि पुढची एक बाजू दुसरीवर चढते. आज आपण त्याला स्टाईल म्हणतो, पण त्यामुळे समोरून वारा आत शिरायला फट राहत नाही. इंग्लंडमध्ये बार्बर ही कंपनी मेण लावलेल्या सुती कापडाचे कपडे करायची. १९३६ साली तिनं त्याच कापडाचा खास बाईकस्वारांसाठी सूट काढला. वारा आणि पाऊस दोन्ही बाहेर!

आणि पेपर? 'टूर द फ्रान्स'चे सायकलस्वार डोंगरमाथ्यावर प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घ्यायचे, जर्सीत खुपसायचे आणि मगच उतार उतरायचे. आमच्या मामांना हे कुठून ठाऊक असणार? पण युक्ती तीच.

आता माझ्या बोटांचं कोडं. विणलेल्या स्वेटरला भोकंच भोकं. उभं असताना त्यात ऊबदार हवा अडकून राहते, गाडी पळायला लागली की वारा ती पळवून लावतो. छाती-पोट गार पडलं की शरीर आधी आतले अवयव सांभाळतं आणि हातापायांकडचं रक्त कमी करतं. मग ग्लोव्हज कितीही जाड असू देत, आत बोटांना ऊब पोचणार कुठून? मामांच्या पेपरनं छातीवरचा वारा अडवला, म्हणून हात सुटले.

तेव्हा थंडीत निघताना स्वेटर आत घाला आणि वारा अडवणारं काहीतरी त्याच्यावर, मग तो साधा रेनकोट का असेना. गळ्याची आणि मनगटाची फट बंद करा. आणि बोटं बधिर व्हायला लागली की 'अजून थोडंच राहिलंय' म्हणू नका. गाडी बाजूला घ्या, चहा प्या. त्या दिवशी मला हातभर अंतर मिळालं. दरवेळी मिळेलच असं नाही.

भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!